डेनिस आयर्विन: ५२९ सामने, ३३ गोल आणि न झालेली चर्चा

डावी_बाजू (धागाकर्ता)

नव्वदीतल्या मँचेस्टर युनायटेडच्या गप्पा सुरू झाल्या की आधी कँटोना, मग कीन, गिग्ज, श्मायकल, बेकहॅम. लेफ्ट बॅकपर्यंत (डाव्या कडेचा बचावपटू; उजवीकडचा राइट बॅक, दोघेही फुल-बॅक) येईतो मंडळी उठायला लागलेली असतात. म्हणून म्हटलं, याच्यासाठी स्वतंत्र धागाच काढावा.

जन्म ३१ ऑक्टोबर १९६५, आयर्लंडमधलं कॉर्क. रॉय कीनचंही गाव तेच, पण स्वभाव दोन टोकांचे. सुरुवात लीड्स युनायटेडमध्ये. तिथे लीगचे ७२ सामने खेळला, आणि १९८६ मध्ये मॅनेजर बिली ब्रेम्नरने त्याला फुकट सोडून दिलं. मग जो रॉयलच्या ओल्डहॅम अ‍ॅथलेटिकने उचललं. दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब, पण १९८९-९० चा हंगाम काय होता! लीग कपच्या उपांत्य फेरीत वेस्ट हॅमला ६-० ने धुतलं, अंतिम फेरी गाठली. एफए कपच्या उपांत्य फेरीत युनायटेडला ३-३ वर रोखलं आणि दुसऱ्या सामन्यात २-१ ने हरले. युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनला त्या दोन सामन्यांत ओल्डहॅमचा राइट बॅक जवळून बघायला मिळाला. त्याच उन्हाळ्यात ६ लाख २५ हजार पौंड मोजून त्याने आयर्विनला आणलं.

पुढची बारा वर्षं तो ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर होता. लीगची ७ विजेतेपदं (१९९३, ९४, ९६, ९७, ९९, २०००, २००१), एफए कप १९९४ आणि १९९६, लीग कप १९९२, कप विनर्स कप १९९१, चॅम्पियन्स लीग १९९९. सगळे मिळून ५२९ सामने, ३३ गोल.

फर्ग्युसनला नंतर युनायटेडचे सर्वोत्तम अकरा निवडायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता की खात्रीने जागा मिळेल असा एकच, डेनिस आयर्विन. बाकी दहा जागांवर वाद घाला.

माझं म्हणणं एवढंच: त्याला 'भरवशाचा' म्हणून आपण एका ओळीत गुंडाळतो. पण त्याचे गोल आणि त्याचा भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मंडळींना काय वाटतं?

—

आयर्विन_पूल

धागा उघडला तो सांगलीच्या आयर्विन पुलाबद्दल काही असेल म्हणून. पुराचं पाणी किती फूट वगैरे. असो, आलोच आहे तर वाचतो.

—

आकडेमोड

धागा आवडला, पण जरा खडा टाकतो. ५२९ सामन्यांत ३३ म्हणजे सोळा सामन्यांमागे एक गोल. त्यात पेनल्टी किती? स्टुअर्ट पियर्सने एकट्या नॉटिंगहॅम फॉरेस्टसाठी ५२२ सामन्यांत ८८ गोल केले. लेफ्ट बॅकच. १९९१ च्या एफए कप फायनलमध्ये स्पर्सविरुद्धची (टॉटनहॅम) ती फ्री किक आठवा (सामना हरले ते सोडा). 'गोल करणारा फुल-बॅक' हे बिरुद पियर्सचं. आयर्विन उत्तम बचावपटू होता आणि अधूनमधून गोल करायचा, एवढंच म्हणता येईल.

—

डावी_बाजू

@आकडेमोड, रांग बघा ना. आयर्विन आला तेव्हा पेनल्टी स्टीव्ह ब्रूस घ्यायचा. १९९०-९१ मध्ये त्या सेंटर बॅकने १९ गोल केले, त्यातल्या बऱ्याच पेनल्टी. मग कँटोना आला, पेनल्टी त्याच्याकडे गेल्या. फ्री किकवर पुढे बेकहॅम उभा राहिला. आयर्विनच्या वाट्याला जे आलं ते इतरांनी सोडलेलं.

पियर्स फॉरेस्टचा कर्णधार होता, चेंडू हातात घेऊन चालू पडायचा. त्याला विचारणार कोण?

आयर्विनचे लीगमधले गोल हंगामवार असे: १९९१-९२ मध्ये ४, १९९२-९३ मध्ये ५, त्यानंतर २, २, १, १, २, २, ३. प्रीमियर लीग सुरू झाली त्या वर्षी पाच! युनायटेड पहिले दोन सामने हरलं होतं, शेफिल्ड युनायटेडकडून आणि मग घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून ०-३. तिसऱ्यात इप्सविचशी १-१, आणि तो बरोबरीचा गोल आयर्विनचा. प्रीमियर लीगमधला युनायटेडचा पहिला गुण एका फुल-बॅकने मिळवून दिला.

—

कॉलर_वर

आणि कँटोना कसा आला ते कोणीच कसं लिहिलं नाही?

नोव्हेंबर १९९२. लीड्सच्या बिल फॉदरबीने युनायटेडच्या मार्टिन एडवर्ड्सला फोन केला. कशासाठी? तर डेनिस आयर्विन विकता का विचारायला. म्हणजे ज्याला सहा वर्षांपूर्वी फुकट घालवला, तोच आता पैसे देऊन परत हवा होता. उत्तर अर्थातच नाही. पण फोन चालू असतानाच फर्ग्युसनच्या सांगण्यावरून उलटा प्रश्न गेला, की तुमच्या कँटोनाचं काय? थोड्याच दिवसांत १२ लाख पौंडांत सौदा झाला. २६ वर्षं लीगच्या विजेतेपदासाठी ताटकळलेला क्लब त्याच हंगामात जिंकला. आयर्विनने कारकिर्दीत दुसरं काही केलं नसतं तरी त्या एका फोनपुरता तो इतिहासात राहिला असता :)

पुढचं आणखी भारी आहे. ९ जानेवारी १९९३, स्पर्सविरुद्ध. आयर्विन डावीकडून कँटोनाला चेंडू देतो आणि न थांबता पेटीत (पेनल्टी एरियात) घुसतो. कँटोना तो बचावफळीच्या डोक्यावरून अलगद उचलून देतो आणि आयर्विन धावत्या पायाने जाळ्यात मारतो. कित्येक वर्षांनी एका चित्रपटात कँटोनाने स्वतःचीच भूमिका केली. त्यात सर्वांत गोड क्षण कोणता असं विचारल्यावर तो स्वतःचा एकही गोल सांगत नाही, आयर्विनला दिलेला हा पास सांगतो. म्हणतो, साथीदारावर भरवसा ठेवावा लागतो.

—

खासबाग_१०

नाद खुळा किस्सा! भावा, हे माहीतच नव्हतं.

आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुल-बॅक म्हणजे शिव्या खायचा मानकरी. स्ट्रायकरनं दहा चान्स घालवले तरी 'पुढच्या वेळी' आणि फुल-बॅकचा एक पाय घसरला की गॅलरीतनं त्याचं सगळं घराणं निघतंय. त्यामुळं बारा वर्षं एवढ्या मोठ्या क्लबात एकाच जागेवर टिकणं म्हणजे काय, ते आम्हाला इचारा.

—

रामराम_रेफ्री

धागाकर्त्यांनी एक गोष्ट घाईत उरकली. आयर्विन उजव्या पायाचा खेळाडू. ओल्डहॅममध्ये राइट बॅक, युनायटेडमध्येही आधी राइट बॅकच. १९९१ च्या कप विनर्स कपच्या फायनलला, रॉटरडॅममध्ये बार्सिलोनाविरुद्ध, तो उजवीकडे होता आणि डावीकडे क्लेटन ब्लॅकमोर. त्याच उन्हाळ्यात क्यूपीआरहून (क्वीन्स पार्क रेंजर्स) पॉल पार्कर आला आणि आयर्विनला डावीकडे सरकवलं. उजव्या पायाच्या माणसाने लेफ्ट बॅकच्या जागेवर दहा वर्षं काढणं हे त्या काळी सोपं नव्हतं. कोणी सविस्तर लिहील का?

—

कोच_काका

लिहितो. मुलांना शिकवतो, त्यामुळे हा विषय रोजचाच.

उजव्या पायाच्या लेफ्ट बॅकची पहिली अडचण टचलाइनजवळ येते. डाव्या पायाचा खेळाडू चेंडू लाइनला समांतर पुढे ढकलतो, तसाच धावत जाऊन क्रॉस मारतो. उजव्या पायाच्याला चेंडू आत वळवून घ्यावा लागतो, त्यात अर्धा सेकंद जातो आणि समोरचा विंगर तेवढ्यात अंगावर येतो. म्हणून बहुतेक असे फुल-बॅक डावीकडे गेले की पुढे जायचंच टाळतात. आयर्विनचा डावा पाय इतका तयार होता की बघणाऱ्याला मुळात तो कुठल्या पायाचा हे पटकन कळायचं नाही. दोन्ही पायांनी क्रॉस, दोन्ही पायांनी लांब पास.

फायदाही आहे, आणि तो मोठा आहे. समोरचा विंगर आत कट मारून आला की आयर्विनचा तगडा पाय नेमका त्याच बाजूला असायचा. शिवाय गोलपाशी आत वळलं की उजव्या पायाने मारायला कोन मोकळा. स्पर्सविरुद्धच्या त्या गोलाच्या वेळी तो आतल्या बाजूने धावला होता, बाहेरच्या नव्हे.

बाहेरून धावायला गिग्ज होता (सुरुवातीच्या वर्षांत शार्पही). गिग्ज वर गेला की त्याच्यामागची पन्नास यार्ड जमीन आयर्विनची. ही जोडी चालली कारण दोघांपैकी एकाला नेहमी माहीत असायचं की आपण कधी जायचं नाही. तो एक म्हणजे आयर्विन. त्याला पुढे जाताना पकडून मागची जागा वापरली, असे गोल फारसे आठवत नाहीत.

उंची जेमतेम पाच फूट आठ. त्यामुळे लांबच्या पोस्टवर उंच चेंडू टाकून त्याला त्रास द्यायचा प्रयत्न सगळे करत. तो उडी मारून जिंकायचा नाही, आधी जाऊन उभा राहायचा आणि समोरच्याला धाव घेऊच द्यायचा नाही. हे शिकवता येतं, पण मुलांना कंटाळवाणं वाटतं.

—

पेनाइन्सची_थंडी

मँचेस्टर परिसरात नोकरीला आहे, ओल्डहॅम जवळच. काकांच्या प्रतिसादात एक भर. आयर्विन १९८६ मध्ये ओल्डहॅमच्या बाउंडरी पार्कवर आला त्याच वर्षी तिथे प्लास्टिकचं मैदान टाकलं होतं (१९९१ मध्ये काढलं). डोंगराच्या अंगाला असलेलं स्टेडियम, वारा असा की जॅकेटच्या आत शिरतो. जुने ओल्डहॅमवाले अजून त्या मैदानाच्या गोष्टी सांगतात. चेंडू सुसाट घसरायचा किंवा टप्पा पडून डोक्यावरून जायचा, आणि टॅकलसाठी घसरलात तर गुडघ्याची साल निघायची.

तर चार वर्षं तिथे फुल-बॅक खेळलेला माणूस उगाच जमिनीवर लोळत नाही. उभ्याने बचाव करतो, पहिला स्पर्श नीट घेतो. आयर्विनचा खेळ नेमका असाच होता. हा माझा तर्क, पण इथे अनेकांकडून ऐकलेला.

—

एव्हर्टनची_सून

सासर लिव्हरपूलचं आणि घर निळं, त्यामुळे लेटन बेन्सचं नाव न घेता हा धागा पुढे जाऊ देणार नाही. एव्हर्टनसाठी ४२० सामने, ३९ गोल. सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध एकाच सामन्यात दोन फ्री किक, दोन्ही थेट गोल. प्रीमियर लीगमध्ये २२ पैकी २० पेनल्टी. पहिली हुकली ती २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, दे खेआने अडवली, त्याआधी १४ पैकी १४. शिवाय ५३ असिस्ट (ज्यावरून गोल झाला असे पास), तेव्हा प्रीमियर लीगमध्ये कुठल्याही बचावपटूपेक्षा जास्त.

एव्हर्टनकडून ट्रॉफी एक नाही. २००९ ची एफए कप फायनल चेल्सीकडून हरलो. मग आयर्विन मोठा का? त्याच्या बाजूला कीन, गिग्ज आणि मागे श्मायकल होते म्हणून?

—

डावी_बाजू

वहिनी, बेन्स आक्रमणात सरस, यात वाद नाही. पिएनारबरोबरची त्याची डावी बाजू हे एव्हर्टनचं मुख्य हत्यारच होतं. सगळा संघ त्या बाजूला झुकलेला. आयर्विनच्या संघात ते काम गिग्जचं. मोठा-लहान ठरवायला नको, कामं वेगळी होती.

पण पेनल्टीचा मुद्दा काढलात ते बरं झालं. जानेवारी १९९५ मध्ये कँटोनाने सेल्हर्स्ट पार्कवर प्रेक्षकाला लाथ मारली आणि हंगामाला मुकला. पेनल्टी आल्या आयर्विनकडे. १० मे, साउथहॅम्प्टन ओल्ड ट्रॅफर्डवर, १-१, दहा मिनिटं बाकी, जिंकलो नाही तर विजेतेपद ब्लॅकबर्नला. अशा वेळी आयर्विन चेंडू ठेवतो, चार पावलं मागे जातो आणि मारतो. २-१. (शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमशी बरोबरी झाली आणि ब्लॅकबर्नच जिंकलं, ते दुखणं वेगळं.)

हेच मला म्हणायचं होतं. बचावात जो माणूस घाबरून चेंडू फेकून देत नाही, तोच पेनल्टीच्या ठिपक्यावर शांत उभा राहतो. गोल हा त्याचा दुसरा छंद नव्हता, त्याच सवयीचा भाग होता.

—

आकडेमोड

@डावी_बाजू, 'सवय' वगैरे ठीक, पण शांत डोक्याच्या माणसाचीही पेनल्टी हुकते. पियर्सची १९९० च्या वर्ल्ड कपमधली जर्मन गोली इल्गनरच्या पायांवर आदळली, १९९६ च्या युरोत स्पेनविरुद्ध तोच पुन्हा गेला आणि घातली. २००२ मध्ये मँचेस्टर सिटीकडून शेवटच्या सामन्यात, पोर्ट्समथविरुद्ध, पेनल्टी मिळाली. घातली असती तर कारकिर्दीतला शंभरावा गोल. बाहेर मारली.

आणि ग्रॅहम अलेक्झांडर विसरू नका. स्कंथॉर्प, लूटन, प्रेस्टन, बर्नली. कारकीर्द बरीचशी राइट बॅक म्हणून, नंतर मिडफिल्डला. हजारावर सामने, शंभरावर गोल, त्यात पेनल्टींचा ढीग. प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा वय ३७. एप्रिल २०१२ मध्ये प्रेस्टनसाठी शेवटच्या सामन्यात चार्ल्टनविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत फ्री किक घातली, सामना २-२. भरवशाचा आणि गोल करणारा फुल-बॅक म्हणाल तर हा घ्या. त्याला सात लीग मेडल मिळाली नाहीत म्हणून त्याचा धागा निघत नाही.

—

डावी_बाजू

अलेक्झांडरचा धागा तुम्ही काढा, पहिला प्रतिसाद माझा. शेवटच्या वाक्याला मात्र अनुमोदन.

—

रामराम_रेफ्री

आता दुसरी बाजू. एवढ्या सालस माणसाला सगळ्यात मोठ्या आठवड्यांत रेड कार्ड मिळालं होतं. ५ मे १९९९, लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड. आयर्विननेच पेनल्टीवर २-० केलं. पुढे लिव्हरपूलला एक पेनल्टी मिळाली, २-१. एक यलो आधीच खाल्लेलं, आणि खेळ थांबल्यावर चेंडू पुढे मारला म्हणून रेफ्री डेव्हिड एलरेने दुसरं दाखवलं. दहा जण उरले आणि शेवटी शेवटी पॉल इन्सने, युनायटेडच्याच जुन्या खेळाडूने, बरोबरी केली. दोन गुण गेले.

नियमाने कार्ड बरोबर. सामन्याची तब्येत बघून शिट्टी वाजवणारा रेफ्री असता तर समज देऊन सोडलं असतं, आणि मीही तेच केलं असतं. शिक्षा मोठी पडली: बंदीमुळे न्यूकॅसलविरुद्धची एफए कप फायनल हुकली, फिल नेव्हिल खेळला. चार दिवसांनी बार्सिलोनात बायर्नविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलला मात्र आयर्विन लेफ्ट बॅकला हजर. युनायटेडने लीग अवघ्या एका गुणाने जिंकली, आर्सेनलचे ७८, यांचे ७९. अ‍ॅनफिल्डचा हिशोब चुकता झाला नसता तर लोकांनी त्या चेंडूची आठवण त्याला जन्मभर करून दिली असती.

—

हिरवा_शर्ट

आयर्लंडसाठी ५६ सामने, ४ गोल. तिथे गंमत उलटी: क्लबमध्ये लेफ्ट बॅक, देशासाठी बरीच वर्षं राइट बॅक, कारण डावीकडे स्टीव्ह स्टॉन्टन, नंतर टेरी फेलन. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये जायंट्स स्टेडियमवर इटलीला १-० ने हरवलं तेव्हा तो उजवीकडे होता. मेक्सिकोविरुद्ध ऑरलँडोच्या भर दुपारच्या उन्हात स्पर्धेतलं दुसरं यलो मिळालं आणि नॉर्वेचा सामना हुकला.

आयर्लंडचा मॅनेजर जॅक चार्ल्टनच्या पद्धतीत फुल-बॅकने चेंडू समोरच्या फुल-बॅकच्या मागे लांब टाकायचा आणि पुढच्यांनी पळायचं. आयर्विनसारख्या छोटे पास देणाऱ्याला ते रटाळच वाटत असणार. तरी निमूट केलं. १९९७ मध्ये बेल्जियमविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये डब्लिनला सुरुवातीलाच त्याने फ्री किकवर गोल केला, पण सामना १-१ आणि पुढे ब्रसेल्सला हरले.

—

मडगांवकार

गोव्यात आमच्या वाड्यावर सगळे मुलगे स्ट्रायकर व्हायचे, उरलेला फुल-बॅक. मी उरलेला :) त्यामुळे लांबूनच त्याच्यावर जीव. तो युनायटेड सोडून गेल्यावर काय झालं? इथे कोणीच लिहिलं नाही.

—

कॉलर_वर

@मडगांवकार, मे २००२ मध्ये चार्ल्टनविरुद्ध ०-० अशा एका कंटाळवाण्या सामन्यात कर्णधार म्हणून निरोप घेतला. मग वुल्व्हरहॅम्प्टनला फुकटात गेला, लीड्स सोडताना गेला होता तसाच. पॉल इन्सही तेव्हाच तिथे आला. लोक म्हणत होते पेन्शनीत गेला. पहिल्याच हंगामात, वयाच्या ३७व्या वर्षी, प्ले-ऑफ फायनलला कार्डिफमध्ये शेफिल्ड युनायटेडला ३-० ने हरवून वुल्व्ह्सना पहिल्यांदाच प्रीमियर लीगमध्ये नेलं. परत राइट बॅक! ऑगस्ट २००३ मध्ये वुल्व्ह्सबरोबर ओल्ड ट्रॅफर्डवर आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. २००४ मध्ये थांबला. २०१६ मध्ये इंग्लिश फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये नाव गेलं.

फर्ग्युसनचा आणखी एक किस्सा. आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटाला आयर्विनचा बॅक पास कमी पडला आणि बर्गकॅम्पने गोल केला. पत्रकारांनी विचारलं, निराश झाला असाल? फर्ग्युसनचं उत्तर असं, की दहा वर्षांत एक चूक म्हणजे वाईट नाही.

—

खासबाग_१०

आमच्या गॅलरीला हे वाक्य फ्रेम करून दिलं पाहिजे.

बरं, मी त्यावेळी पाळण्यात होतो. यूट्यूबवर काय बघू सांगा. हायलाइट्समध्ये ह्यो गडी दिसतच नाही.

—

डावी_बाजू

दिसणारच नाही, बचाव कापून टाकतात. चार गोष्टी शोध. एक, वर आलेला स्पर्सचा गोल. दोन, ४ जानेवारी १९९४, अ‍ॅनफिल्ड, ३-३: आयर्विनची फ्री किक थेट जाळ्यात, ३-० आघाडी, आणि मग लिव्हरपूलने तिन्ही फेडले, म्हणून ती फ्री किक कोणाला आठवत नाही. तीन, फेब्रुवारी १९९४, एफए कप, विम्बल्डनविरुद्ध ३-०: सगळ्या संघाच्या पायांतून फिरून आलेली लांबलचक पासांची मालिका, आणि शेवटी पेटीत पोचलेला आयर्विन. फुल-बॅक तिथे काय करतोय असं विम्बल्डनच्या बचावालाही वाटलेलं दिसतं.

चौथी, १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल पूर्ण बघ. शेवटची तीन मिनिटं नको, ती पाठ असतील. डावीकडे बघ. कीन-शोल्स नाहीत, मधली फळी विस्कटलेली, गिग्ज उजवीकडे, डावीकडे ब्लोमक्विस्ट. आयर्विन कितीदा पुढे गेला आणि कितीदा जाता जाता थांबला ते मोज, आणि इथे येऊन लिही.

—

आयर्विन_पूल

पहिल्या हाफपर्यंत बघितली. उरलेली लाइट आल्यावर.